न्यू डीलचा हिशेब अजून मिटलेला नाही

फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४ मार्च १९३३ रोजी अध्यक्षपदाची सूत्रं हाती घेतली तेव्हा अमेरिकेत दर चार कामगारांमागे जवळजवळ एक बेकार होता. बँका धडाधड बंद पडत होत्या. त्यानंतर या मंदीतून देशाला बाहेर काढायला कायद्यांची जी रांग लागली ती न्यू डील. तिच्यावरून इतिहासकारांत आजही जुंपते.

१९५९ साली कार्ल डेग्लर यांनी तिला थेट ‘तिसरी अमेरिकन क्रांती’ म्हटलं. १९६८ साली बार्टन बर्नस्टाइन म्हणाले, कसली क्रांती? भांडवलशाही वाचवली आणि तळाच्या माणसाला तिथंच ठेवलं. उजवीकडून कोल आणि ओहानियन या अर्थतज्ज्ञांनी २००४ साली मांडलं की किमती आणि मजुरी चढ्या ठेवण्याच्या धोरणानंच मंदी रेंगाळली. ही नावं ऐकली की वाटतं, हा विचारसरणीचाच वाद. पण बराचसा वाद हिशेबाचा आहे.

१९३६ सालची बेकारी किती? अर्थतज्ज्ञ स्टॅन्ली लेबरगॉट यांच्या तक्त्यात सुमारे १७ टक्के, दुसरे अर्थतज्ज्ञ मायकेल डार्बी यांच्या तक्त्यात सुमारे १०. देश तोच, वर्ष तेच. सरकारी मदतकामांवर रस्ते, शाळा, पूल बांधून पगार घेणारा माणूस लेबरगॉट यांच्याकडे बेकार धरला जातो, डार्बींकडे कामावर. न्यू डील फसली असं म्हणायचं असलं की हटकून पहिला तक्ता पुढं येतो, तळटीप मात्र कुणी वाचून दाखवत नाही! खासगी उद्योग किती सावरला हे पाहायचं तर लेबरगॉट बरोबर आहेत, हे मान्य. पण दिवसभर पूल बांधून घरी पगार नेणाऱ्याला बेकार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गंमत म्हणजे १९३७ मध्ये सरकारनं खर्चाला कात्री लावली, पतपुरवठाही आवळला, आणि १९३८ साली दोन्ही तक्त्यांत बेकारी वर चढली.

बर्नस्टाइन यांचा मुद्दा मला जास्त बोचतो, कारण तो कापसाच्या शेतात खरा ठरतो. भाव वाढावेत म्हणून १९३३ च्या उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकायचं सरकारनं ठरवलं. सांगतात की नांगराची खेचरं पिकावर पाय ठेवीनात. ओळीमधून चालायचं हीच त्यांना सवय. भरपाईचा चेक बहुतेक जमीनमालकाच्या हाती पडायचा. बटाईनं कसणाऱ्यांना त्यातला वाटा मिळायला हवा होता, पण पुष्कळांच्या हाती काही लागलं नाही. उलट पेराच कमी झाल्यावर मालकानं त्यांना रोजंदारीवर आणलं किंवा हाकलून दिलं. १९३४ साली आर्कान्सॉमध्ये काळे आणि गोरे बटाईदार एकत्र येऊन संघटना उभी राहिली, ती यातूनच.

म्हातारपणी पेन्शन देणाऱ्या १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेतले बहुसंख्य काळे कामगार याच दोन कामांत होते. काही इतिहासकार म्हणतात, हा दक्षिणेतल्या डेमोक्रॅट खासदारांचा डाव. बाकीचे इतिहासकार तेव्हाचे अर्थमंत्री मॉर्गेनथाउ यांच्या साक्षीकडे बोट दाखवतात: विखुरलेल्या मजुरांकडून वर्गणी वसूल करणं अवघड, असं ते काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर, म्हणाले होते. मला ही अडचण खोटी वाटत नाही, पण ती कुणाच्या सोयीची होती तेही दिसतं. या मजुरांना कायद्यात घ्यायला सुरुवात झाली १९५० साली.