आटवलेल्या स्वेटरांची गोधडी

नमस्कार. मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

एका नुकसानीपासून सुरुवात करते. लग्नानंतर आम्ही अकरा वर्षं दिल्लीत होतो. सासूबाईंनी आपल्या मुलासाठी हिरव्या लोकरीचा स्वेटर विणून पाठवला होता, पुढे वेण्यांची नक्षी असलेला. घरात नवं वॉशिंग मशीन आलं आणि उत्साहाच्या भरात मी तो चादरींबरोबर गरम पाण्यात टाकला. बाहेर आला तो पाच वर्षांच्या पोराला बसेल एवढा होऊन. जाड, घट्ट. सासूबाई आल्या तेव्हा तो त्यांच्यापासून लपवला होता, तरी सापडलाच. त्यांनी उलटासुलटा करून पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "आटला गं."

पुढे कितीतरी दिवस तो शब्द माझ्या डोक्यात होता. दूध आटतं, विहीर आटते आणि आपल्या भाषेत स्वेटरही आटतो. विहीर आटली तर हळहळावं, ते ठीक. पण दूध आटलं तर आपण बासुंदी झाली म्हणतो. मग स्वेटरच का फेकायचा? आज मी तुम्हाला स्वेटर मुद्दाम आटवून त्यांची गोधडी शिवायला सांगणार आहे.

आधी तो आटतो का, ते बघू. मेंढीचा केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यावर खवले दिसतात, मंगलोरी कौलांसारखे एकावर एक. त्यांची तोंडं केसाच्या टोकाकडे असतात. त्यामुळे केस एकाच बाजूला सहज सरकतो, उलट्या बाजूला अडतो. पावसाळ्यानंतर माळावरून चालून आलं की साडीच्या काठात कुसळं घुसतात, आठवतंय? कुसळ पुढे पुढे जातं, मागे येत नाही. लोकरीचंही तेच. गरम पाण्यात केस फुगतो, साबणाने निसरडा होतो, घुसळलं की सरकत सरकत शेजारच्या केसांत शिरतो. परत यायची वाट नसते. हजारो केस असे एकमेकांत गुंतले की विणीचे टाके दिसेनासे होतात आणि कापड नमद्यासारखं, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड सतरंजीसारखं होतं. काश्मीरमध्ये नमदे करतात तो हाच गुण वापरून, तिथे विणकामाचीही गरज पडत नाही.

हे कापड कात्रीने कापलं तर उसवत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा. साधा स्वेटर कापलात तर एक टाका सुटेल आणि भराभरा सगळी ओळ निघेल. आटलेल्याची कडा तशीच्या तशी राहते.

आता अडचण. आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेत जे स्वेटर आहेत त्यातले बरेच लोकरीचे नसतातच. थंडीत रस्त्याकडेला जे रंगीबेरंगी स्वेटर आपण घेतो ते बहुतेक अ‍ॅक्रिलिकचे. अ‍ॅक्रिलिकला खवले नाहीत. उकळत्या पाण्यात घातलंत तरी ते फक्त लोळागोळा होईल. ओळखायचं कसं? आतल्या शिवणीतून एक धागा काढा आणि चिमट्यात धरून पेटवा. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि टोकाला काळा टणक मणी होतो. पाचवारी नेसून हा प्रयोग करणार असाल तर पदर खोचा. आणि एक फसवणूक लक्षात ठेवा: हल्ली लेबलवर शुद्ध लोकर असते, पण मशीनमध्ये धुवा असंही लिहिलेलं असतं. त्या लोकरीचे खवले क्लोरिनने बोथट करून वर राळेचा पातळ लेप दिलेला असतो. ती आटत नाही. माझे दोन सुंदर मरून स्वेटर चार चार वेळा गरम पाण्यात गेले आणि नुसते स्वच्छ होऊन आले.

आटवण्याची रीत सोपी आहे. रंगाप्रमाणे वेगळे करा. एकेक स्वेटर जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा, नाहीतर लोकरीचा भुगा मशीनच्या नळीत जाऊन बसतो. ६० अंशांचं पाणी, थोडा साबण आणि सोबत एखादी जुनी जीन्स, घासायला. एका धुण्यात झालं नाही तर दोन, तीन. टाके दिसायचे थांबले की थांबा. मशीन नसेल तर मोठी बादली आणि कपडे बडवायचं धोपटणं. हात भरून येतात, पण काम छान होतं. स्वेटर रुंदीपेक्षा उंचीत जास्त आटतो, म्हणून आधी कापून मग आटवायचा मोह टाळा. चौकोनाचा आयत होतो.

मग कापणं. खालची आणि मनगटाची पट्टी, गळा, शिवणी बाजूला काढा. मी साच्यासाठी बाथरूमची उरलेली सहा इंची टाइल वापरते, पुठ्ठ्यासारखी झिजत नाही. एका मोठ्या स्वेटरमधून साधारण आठ ते दहा चौकोन निघतात. आठ गुणिले दहा, असे ८० चौकोन घेतले तर चार फूट बाय पाच फुटांची गोधडी होते. म्हणजे आठदहा स्वेटर हवेत. जाडी मात्र बोटांनी चाचपून जुळवा. जाड तुकड्याशेजारी पातळ आला की शिवण त्या बाजूला झोल खाते. वेण्यांची नक्षी फार जाड होते, तो तुकडा मधोमध एकटा ठेवा. सासूबाईंचा हिरवा स्वेटर माझ्या गोधडीत असाच मध्ये आहे.

इथे आपल्या गोधडीशी फरक पडतो. आपली गोधडी किंवा वाकळ जुन्या लुगड्यांची. वापरून वापरून कापड विरतं, पातळ होतं, म्हणून चार पदर एकावर एक टाकून धावदोऱ्याने सगळं बांधून घ्यायचं. तिथे टाका हाच आधार. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, त्यांचा टाका कोपऱ्यापासून निघून कडेकडेने फिरत मध्यापर्यंत येतो. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची फुलं लावतात, फुलांवाचून कवंदी नागडी समजतात. स्वेटरचं उलटं आहे. कापड आधीच जाड, त्यामुळे आत काही भरायचं नाही आणि सबंध अंगभर धावदोरा घालायचा नाही. घातलात तर गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होईल. मी पहिल्यांदा हौसेने घातला होता. दोन दिवस उसवत बसले.

जोडायचं असं: दोन चौकोनांच्या कडा एकमेकींना भिडवायच्या, एकीवर दुसरी चढवायची नाही, आणि वरून झिगझॅग. सुई १६ नंबरची. कापड हाताने ओढू नका, नाहीतर कडेला झालरीसारख्या लाटा येतात. पायाच्या जुन्या मशीनला झिगझॅग नसतं, त्यांनी हातानेच काजटाका घालावा. खरं तर तोच जास्त देखणा दिसतो. खालच्या बाजूला धुऊन घेतलेलं मऊ सुती लुगडं. लुगडं आणि वरचा थर धरून ठेवायला चौकोनांच्या कोपऱ्यांवर, एक सोडून एक, दोऱ्याची पक्की गाठ पुरते. माझी गोधडी पावणेदोन किलो भरली.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? बोहारणीला द्या, एखादं पातेलं येईल. जरूर द्या. पण जुन्या लोकरीचं पुढे काय होतं तेही बघा. पानिपतला परदेशातून जुन्या लोकरी कपड्यांचे गठ्ठे येतात. पुन्हा कपडे म्हणून विकता येऊ नयेत म्हणून ते आधीच फाडलेले असतात. बायका बसून बटणं, चेन काढतात, रंगांचे ढीग लावतात, मग यंत्र ते पिंजून तंतू करतं, त्याचं सूत आणि सुताची स्वस्त ब्लँकेटं. पूर-भूकंपात वाटली जातात त्यात ती असतात. ही युक्ती इंग्लंडमधल्या बॅटली गावच्या बेंजामिन लॉची, १८१३ सालची. पिंजताना तंतू तुटून आखूड होतो, म्हणून ते ब्लँकेट लवकर झडतं. आटवलेल्या स्वेटरात मूळचा लांब तंतू शाबूत असतो.

राखणीचं थोडं. खरा शत्रू कसर. तिला घामाचे, खाण्याचे डाग असलेली लोकर जास्त आवडते, म्हणून धुतल्याशिवाय गोधडी ट्रंकेत टाकू नका. थंड पाणी, न चोळता. वर्षातून दोनदा कडक उन्हात उलटून पालटून टाका. डांबराच्या गोळ्यांचा वास मला सोसत नाही, मी उन्हावरच भागवते.

आटलेल्या कापडाचा हिरवा नमुना तुमच्यात फिरतोय, तो कुणाकडे आहे? हां, नाकाला लावून बघितलात तरी चालेल, धुतलेला आहे. एकीने विचारलंय की घोंगडी आटवली तर चालेल का. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, आणि घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. ती पाऊस झेलण्यासाठी आहे, अंगावर मऊ लागण्यासाठी नाही. आटेल, पण गालाला टोचेल. राहू द्या तिला तशीच.

ज्यांनी स्वेटर आणलेत त्यांनी ओसरीवर यावं. सभागृहात काडी ओढायला परवानगी नाही, म्हणून चिमटे आणि काडेपेटी बाहेर ठेवली आहे.