शंभरच्या काट्याला थरथरणारी नवी गाडी

(नाशिकमध्ये गंगापूर रोडवर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

नवी गाडी घेतली, पेढे वाटले, काळारामाला नेऊन हार घातला. पहिल्याच रविवारी सिन्नरजवळ समृद्धी महामार्गावर चढलो, काटा शंभरला टेकला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. हे ज्यांनी अनुभवलंय, असे काही जण इथे नक्की बसले असतील. मालक शोरूमला जातो. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर गाडी घेऊन मुंबई नाक्यापर्यंत चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "सर, काही नाही, नॉर्मल आहे." तो खोटं बोलत नसतो. त्या गर्दीत गाडी चाळीसच्या वर जात नाही आणि हा दोष बहुधा ऐंशी-नव्वदच्या खाली जाणवतच नाही. मग समजूत काढायला बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन सरळ करणं) करून दिलं जातं, पुढच्या रविवारी थरथर तिथेच. मालकाला वाटायला लागतं की आपल्यालाच भास होतोय.

भास होत नाही. मला आज एवढंच सांगायचंय की पाना हातात घेण्याआधी हा कंप कशाबरोबर फिरतोय, ते शोधा. ते शोधायला वर्कशॉप लागत नाही, मालकालाही जमतं.

गाडीत फिरणाऱ्या वस्तू मोजक्याच आहेत आणि प्रत्येकीची गती वेगळी आहे. 185/65 आर 15 हा टायर घ्या. त्याचा घेर साधारण 1.95 मीटर. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 27.8 मीटर. भागाकार केला की चाक सेकंदाला 14 वेळा फिरतं. त्याच वेळी इंजिन 3000 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 3000 फेऱ्यांवर असेल तर ते सेकंदाला 50 वेळा फिरतंय. चार सिलिंडर असतील तर सेकंदाला 100 स्फोट, तीन असतील तर 75. स्कॉर्पिओ, थारसारख्या गाड्यांत मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट असतो, तो चाकाच्या साधारण चौपट फिरतो. म्हणून सेकंदाला 14 चे हेलकावे चाकाचे. हाताला मुंग्या आल्यासारखी बारीक थरथर आणि सोबत घूं आवाज असेल, तर ते इंजिन किंवा शाफ्ट. फोनमध्ये कंप मोजणारी मोफत अ‍ॅप्स मिळतात. फोन सीटच्या पट्टीवर घट्ट बसवा आणि शेजारच्याला हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती कंप त्याचा, आकडा वाचायला सांगा. तेराच्या, चौदाच्या आसपास शिखर दिसलं तर चाकच धरायचं.

फोनही नको असेल तर गिअरने कळतं. रस्ता सरळ, मोकळा, मागे कोणी नाही, अशा ठिकाणी वेग 90 वर ठेवा. पाचव्यात बघा, मग चौथ्यात बघा. वेग तोच, आरपीएम बदलले. कंप तसाच राहिला तर इंजिन निर्दोष सुटलं, शोध चाकाकडे वळवा. कंप बदलला तर उलट. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड असेल तर हेच करता येतं. पण इंजिन बंद करून बघू नका, ही विनंती आहे. पॉवर स्टिअरिंग जातं आणि ब्रेकची मदतही जाते.

कंप ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर ब्रेकची डिस्क बघा, तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की येतो आणि सोडला की जातो, तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट. स्टिअरिंग हलतंय तर बहुधा पुढची चाकं, बूड आणि पाठ हलतेय तर मागची. यातला "बहुधा" विसरू नका.

आता चाकाकडे येतो, कारण नव्या गाडीत दोष बहुतेक वेळा तिथेच निघतो. रिमच्या कडेला 30 ग्रॅम जादा वजन आहे असं धरा. लाडवाएवढंही नाही. पण शंभरच्या वेगाला ते साडेचार किलोच्या जोराने चाक बाहेर ओढतं आणि ती ओढ सेकंदाला 14 वेळा दिशा बदलते. ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. 120 ला तीच पावणेसात किलो होते. मग काहींच्या गाडीत 120 ला थरथर कमी का होते? चाक आणि सस्पेन्शन यांची स्वतःची एक डोलण्याची लय असते, साधारण सेकंदाला 10 ते 15. नव्वद ते एकशेदहाच्या पट्ट्यात चाकाचा फेरा त्या लयीत येतो आणि कंप फुगतो. पुढे गेलं की लय सुटते. दोष तसाच असतो, आणि चाकाचं बेअरिंग, सस्पेन्शनचे रबरी बुश मार खात राहतात.

कॉलेज रोडच्या एका काकांची नवी हॅचबॅक होती. 95 ते 110 मध्ये सीट हलायची, स्टिअरिंग शांत. वर्कशॉपने दोनदा चारही चाकं बॅलन्स केली, मशीनवर शून्य. मी त्यांना म्हटलं, पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून बघा. टाकली, तर थरथर स्टिअरिंगमध्ये आली. म्हणजे दोष गाडीत नव्हता, एका चाकात होता आणि तो चाकाबरोबर जागा बदलत होता. मग गाडी जॅकवर घेऊन डायल गेज लावला, म्हणजे मिलिमीटरच्या अंशातला उंचसखलपणा काट्यावर दाखवणारं मापक. सातपूर-अंबडला काम केलेल्या मंडळींना डायल काय ते सांगायला नको. डावं चाक फिरवलं की त्याचा घेर 1.6 मिलिमीटर वरखाली होत होता. टायर उतरवला आणि रिमवर टायर बसतो त्या कडेला डायल लावला, तर तिथे 0.6. म्हणजे टायर स्वतः साधारण एक मिलिमीटर उंच होता, आणि दोघांचे उंचवटे नेमके एकाच जागी येऊन बसले होते. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवला. बेरजेची वजाबाकी झाली, 0.4 वर आलं. मग बॅलन्सिंग केलं. ना नवा टायर लागला, ना नवी रिम.

मशीनने शून्य दाखवूनही चाक का हलतं, याचं उत्तर यात आहे. ते मशीन चाक हवेत फिरवतं, त्यावर गाडीचं वजन नसतं. टायर गोल नसेल किंवा एका जागी जास्त कडक असेल, तर ते रस्त्यावर दबल्यावरच कळतं. त्यासाठी टायरवर रोलर दाबून मोजणारी मशीनं असतात, रोड फोर्स बॅलन्सर म्हणतात. सगळ्यांकडे नसतात, पण विचारायला हरकत नाही. आणि साध्या मशीनवरही एक पडताळा घ्या. शून्य आल्यावर चाक सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळायला सांगा. आता पंधरा-वीस ग्रॅम दाखवलं तर चाक मशीनवर मध्यावर बसलंच नव्हतं, आणि आधीचं शून्य खोटं होतं. टायरवाला थोडा वैतागेल. वैतागू द्या.

नव्या गाडीची म्हणून आणखी काही कारणं आहेत. गाडी यार्डात महिनोन्‌महिने एकाच जागी उभी राहिली की टायरचा खालचा भाग चपटा होतो. वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये टायर गरम होऊन थरथर गेली तर चिंता नाही. रोज तेवढीच राहिली तर टायर गेला. वाहतुकीसाठी हवा जास्त भरलेली असते, ती डिलिव्हरीच्या वेळी कमी करायचं राहून जातं. दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्याप्रमाणे थंड टायरमध्ये तपासा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 3224 म्हणजे 2024 चा 32 वा आठवडा. गाडी नवी म्हणून टायर नवाच, असं धरू नका.

अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून हौसेने अलॉय रिम बसवल्या असतील तर रिमचं मधलं भोक हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागापेक्षा, मोठं आहे का बघा. तिथे रिंग लागते, नाहीतर चाक फक्त नटांवर टांगलं जातं आणि मध्यावर बसत नाही. नट तार्‍यासारखे समोरासमोर आवळायचे आणि शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने. गनने एकीकडून सुरुवात करून चालत नाही.

आणि आपल्याकडची काळी माती! पावसाळ्यात निफाड-दिंडोरीच्या बागेत गाडी घेऊन गेलात की रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचा थर बसतो आणि वाळून विटेसारखा होतो. गाडी बाहेरून चकचकीत धुतलेली, आत मूठभर माती एका बाजूला. पाण्याचा जोर आतून मारा. पहिला उपाय हाच, आणि फुकटचा.

अलाइनमेंटचं बोलून टाकतो, कारण त्यावर लोकांचे नाहक पैसे जातात. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने झिजतो. सेकंदाला 14 वेळा थरथरणं हे तिचं काम नाही.

रस्त्यावरही एकदा संशय घ्या. काँक्रीटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर सांधे असतात. शंभरच्या वेगाला सेकंदाला सहा ठोके तिथूनच मिळतात. म्हणून समृद्धीवर जाणवलं की मुंबई-आग्रा महामार्गावर डांबराच्या सपाट पट्ट्यात पुन्हा बघा, वेगमर्यादा पाळून. दोन्हीकडे आलं तर गाडी धरा.

मग वर्कशॉपला जा, पण "गाडी हलते" एवढंच सांगू नका. जॉब कार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या तक्रार-कामाच्या कागदावर, लिहून घ्या: 95 ते 110 मध्ये, सीटमध्ये, गिअर बदलल्याने फरक नाही, ब्रेकशी संबंध नाही, चाकांची पुढे-मागे अदलाबदल केल्यावर कंप पुढे आला. टेक्निशियनला शेजारी बसवून हायवेवर नेल्याशिवाय गाडी सोडू नका. दुरुस्तीनंतरही तोच रस्ता, तोच वेग, तेवढीच माणसं, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून बघा. दर वेळी जॉब कार्डाची प्रत घ्या. टायरची वॉरंटी बहुधा टायर कंपनीची वेगळी असते, तो दावा डीलरमार्फत टाकायला सांगा. तरीही दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची असते, आणि तिथे ही जॉब कार्डंच कामाला येतात.