रिंगणातली एक फ्रेम

आषाढी वारीचं रिंगण. दुतर्फा पताका घेतलेले वारकरी, आणि मधल्या मोकळ्या वाटेवरून भरधाव येणारे दोन अश्व: एकावर स्वार, दुसरा माउलींचा, मोकळ्या पाठीचा. व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम टिपतोय. मिनिटाला १,५००. त्यातून एक तरी फोटो निघेलच, असं वाटतं.

पहिली आडकाठी शटरची, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी उजेड किती वेळ आत घ्यायचा याची. व्हिडिओला शटर सहसा सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवतात, त्यामुळे हालचाल सलग दिसते. पण सेकंदाला दहा मीटर धावणारा घोडा तेवढ्यात वीस सेंटिमीटर सरकतो, आणि थांबवलेल्या फ्रेममध्ये त्याचे पाय पुसट होतात. फोटो हवा असेल तर शटर हजाराव्या भागावर न्यायचं. उजेड वीसपट घटतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १०० होती तिथे २००० लागतो, तोही ढगाळ आषाढात. आणि तेच फुटेज चालवलं की तुटक वाटतं. व्हिडिओ हवा की फोटो, हे म्हणूनच रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी ठरवावं लागतं.

फोर-के फ्रेम म्हणजे ३८४० बाय २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, जेमतेम पावणेतेरा इंच रुंद प्रिंट. एडिटिंगची टाइमलाइन, म्हणजे क्लिप जोडायची पट्टी, फुल एचडी (१९२० बाय १०८०) असेल, तर हातात २० लाखच पडतात. हे फार जणांचं होतं. टाइमलाइन मूळ फुटेजच्या मापाची ठेवा, फ्रेम टिफ किंवा पीएनजी या चित्राचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलमध्ये काढा.

धूळ उडाली की आणखी एक घोळ. फाइल लहान राहावी म्हणून कॅमेरा बहुतेक फ्रेममध्ये फक्त बदललेला भाग साठवतो. धुळीत सगळंच बदलतं, बिटरेट, म्हणजे सेकंदाला साठवायच्या माहितीची मर्यादा, पुरत नाही, चित्रात चौकोन उमटतात. ऑल-इंट्रा मोडमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठते. कार्ड लवकर भरतं, पण इथे तोच मोड हवा. कॅमेरा झपकन फिरवला तर पताकांच्या काठ्याही तिरक्या होतात, कारण बहुतेक सेन्सर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिप, ओळीओळीने वाचले जातात.

मग निवड. १८७८ मध्ये छायाचित्रकार मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून दाखवलं, की धावत्या घोड्याचे चारही खूर पोटाखाली गोळा होतात तेव्हाच ते जमिनीपासून सुटलेले असतात. ती फ्रेम कीबोर्डवरची बाणाची कळ दाबत, एकेक फ्रेम सरकवत सापडते. पण घोडा गर्दीच्या डोक्यांवर, आभाळासमोर दिसायला लेन्स गुडघ्याच्या उंचीवर हवी. ते नंतर दुरुस्त होत नाही. अश्व गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं वाकतात. कॅमेरा घोड्यामागेच वळत राहिला, तर ती माणसं एकाही फ्रेममध्ये नसतात.