पिवळ्या मडगार्डचा पायलट

(दृश्य : म्हापसा. बाजाराजवळचा मोटारसायकल स्टँड, सकाळची वर्दळ.)

म्हापशात कुणालाही विचारा, पायलट कुठं मिळेल? विमानतळाचा पत्ता कुणी सांगणार नाही. पुढचं मडगार्ड पिवळं असलेल्या मोटारसायकली जिथं ओळीनं उभ्या असतात, तिथं पाठवतील. भाडं आधी ठरवायचं, हेल्मेट चढवायचं, पिशवी मांडीवर धरून मागं बसायचं. मोटारसायकलची ही परवानाधारक टॅक्सी गोव्यात कित्येक दशकं चालते आहे, आणि ती चालवणारा तो पायलट.

हा इंग्रजी शब्द विमानापेक्षा शेकडो वर्षांनी जुना. मूळ ग्रीक, वल्ह्याशी आणि सुकाणूशी नातं सांगणारं. तिथून इटालियन, फ्रेंच असा फिरत तो सोळाव्या शतकात इंग्रजीत आला.

(दृश्य : मुरगाव बंदर. दोरशिडीनं जहाजावर चढणारा माणूस.)

मुरगावला त्याचा जुना अर्थ अजून कामावर आहे. मोठं जहाज बंदराशी आलं की पायलट छोट्या बोटीतून त्याच्याकडे जातो, दोरशिडीनं वर चढतो आणि कप्तानाशेजारी उभा राहतो. जहाजाचा ताबा कप्तानाकडेच राहतो. पण पाणी कुठं उथळ, प्रवाह कुठं ओढतो, हे त्या किनाऱ्यावरच्या माणसालाच ठाऊक. १४९८ मध्ये वास्को द गामालाही अशाच माणसाची गरज पडली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीत त्याला एक जाणता पायलट मिळाला, म्हणून त्याची जहाजं मलबारला लागली. वास्कोच्या नावाचं अख्खं शहर मुरगावला खेटून उभं आहे. त्या पायलटच्या नावावर मात्र इतिहासकारांचं एकमत नाही. मला याची फार खंत वाटते.

मंत्र्यांच्या ताफ्यापुढची पायलट गाडी, सरकारचा पायलट प्रकल्प, ही सगळी त्याच घरची मंडळी : पुढं जाऊन वाट दाखवणारी.

(दृश्य : अरुंद रस्ता, मोटारसायकलच्या मागून.)

गोव्यातला पायलट मला विमानातल्या पायलटपेक्षा बंदरातल्या पायलटच्या जवळचा वाटतो. घराला नंबर नसला तरी चालतं. "देवळामागच्या वाड्यावर, आंब्याकडून आत," एवढं त्याला पुरतं. बस मुख्य रस्त्यावर सोडून गेली की डिचोलीकडच्या गावातली आजी त्याच्याच मागं बसून घरी पोचते. वाटेत कुठल्या वळणावर पावसात चिखल होतो, हे तो तिला न विचारता सांभाळतो.

आता घरोघरी स्कूटर आली. पर्यटक भाड्याची दुचाकी घेऊन फोनमधल्या नकाशावर फिरतात. धंदा घटला, तरुण मुलं या कामात फारशी येत नाहीत. बंदरात जहाजाला पायलट घ्यावाच लागतो, रस्त्यावर तशी सक्ती नाही. तेव्हा स्टँडवर निदान धड छप्पर आणि पिण्याचं पाणी असावं, ही मागणी मला अगदी रास्त वाटते.