चरबीची पेशी: भरलेली कणगी

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आले. त्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी दिसतात. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, म्हणजे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली.

ही चरबी ज्या पेशीत राहते, तिच्यात मेदाचा एकच मोठा थेंब असतो आणि त्याच्या दाटीने पेशीचे केंद्रक पार कडेला सरकलेले असते. जेवणानंतर इन्शुलिन, म्हणजे रक्तातील साखर आणि मेद पेशींत साठवायला लावणारे संप्रेरक, वाढले की पेशी रक्तातील मेदाम्ले, म्हणजे मेदाचे सुटे घटक, आत घेऊन या थेंबात साठवते, आणि उपाशीपोटी इन्शुलिन उतरले की तीच मेदाम्ले हृदयाला व स्नायूंना इंधन म्हणून परत देते. कणगीतले धान्य सतत बदलत राहावे, तसा हा साठाही कधी स्थिर नसतो.

कणगी काठोकाठ भरली, की मात्र बिघाड सुरू होतो. फुगलेली पेशी इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाही, भरल्या पोटीही मेदाम्ले रक्तात सोडत राहते, आणि ती यकृतात व स्नायूंत, म्हणजे जिथे त्यांची साठवण व्हायला नको तिथे, जमू लागतात. तिथे तयार होणारे सेरामाइडसारखे मेदपदार्थ इन्शुलिनचा संदेश अडवतात, असे संशोधक मानतात.

म्हणून चरबीला सरसकट शत्रू ठरवणे मला अन्यायाचे वाटते. लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मिळ विकारात काहींना जन्मतःच चरबीच्या पेशी जवळजवळ नसतात. अशा रुग्णांना तीव्र मधुमेह होतो आणि त्यांचे यकृत मेदाने भरते, कारण मेद सांभाळणारे कोठारच त्यांच्याकडे नसते.

छायाचित्रातल्या दोघांमधला फरक जन्मापासूनच दिसतो का? पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. ही मुले अठरा वर्षांची झाली, तेव्हा दिसायला सडपातळ असूनही त्यांच्यातील अनेकांच्या रक्तातील साखर वाढलेली होती.