आधी सिम, मग फोन

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'हरवलेला मोबाईल परत कसा मिळवावा'. त्यावर बोलणारच आहे. पण त्याआधी एक मुद्दा सांगून घेतो, कारण तो पटला नाही तर पुढचं सगळं ऐकून उपयोग नाही.

फोन गेला की माणूस फोन शोधतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सोलं-मिरच्या घेताना पिशवीतला फोन गेला, की आधी त्याच गल्ल्यांतून दोन फेऱ्या. मग दुकानदाराच्या फोनवरून स्वतःच्या नंबरावर दहा वेळा फोन. मग घर, घरच्यांची बोलणी, दुसऱ्या दिवशी पोलीस, आणि तिसऱ्या दिवशी कधीतरी सिम बंद करायची आठवण. हा क्रम पूर्ण उलटा आहे. फोन वीस हजारांचा असेल, पण तुमच्या बँकेची किल्ली त्यातलं ते नखाएवढं सिम आहे.

तुम्ही म्हणाल, फोनला बोटाचा ठसा आहे, लॉक आहे. ते लॉक फोनचं, सिमचं नव्हे. चोर टाचणी घालून ट्रे ओढतो आणि सिम आपल्या बटणांच्या साध्या फोनात घालतो. त्या क्षणापासून तुमचा नंबर त्याचा. तुमचे ओटीपी त्याच्याकडे येतात. तुमचा फोन उघडायची त्याला गरजच राहत नाही.

आता कोणीतरी म्हणणारच, यूपीआयला पिन आहे की! आहे, पण तो बदलता येतो. नव्या फोनवर यूपीआय अ‍ॅप टाकलं की ते सिमवरून एक एसएमएस पाठवतं आणि त्या नंबराला जोडलेलं खातं समोर येतं. पिन नव्याने ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी एवढं बऱ्याच बँकांत पुरतं. आता हात वर करा बघू, फोनच्या कव्हरच्या कप्प्यात कार्ड कोणाकोणाचं आहे? बरेच आहेत. मी थांबतो, ती कार्डं आत्ताच काढून पाकिटात घाला. आधार कार्डही त्याच कप्प्यात असेल तर तेही काढा, कारण काही बँकांत आधारवरूनही पिन ठरवता येतो. पुस्तकासारखं उघडणारं ते कव्हर दिसायला छान असतं, पण त्यात एका बाजूला सिम आणि समोरच्या बाजूला कार्ड, म्हणजे चोराला हवं ते सगळं एकत्र बांधून दिल्यासारखं आहे.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. सिमलाच पिन लावायचा. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात 'सिम लॉक' सापडेल. फोन बंद करून चालू केला किंवा सिम दुसऱ्या फोनात घातलं की हा पिन विचारला जातो. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि आठ आकडी पीयूके मागतं. तो सिम उघडायचा कोड सिमच्या कंपनीकडून मिळतो. पीयूकेही दहादा चुकला की सिम कायमचं गेलं. लावताना सगळे चुकतात ते एकाच ठिकाणी: फोन आधी कंपनीचा मूळ पिन विचारतो आणि लोक तिथे आपल्या मनातला नवा पिन दाबतात. मूळ पिन कंपनीला विचारून घ्या, मग लावा, मग बदला. त्याच बैठकीत लॉक असलेल्या पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. नाहीतर सिम न काढताही ओटीपी वाचता येतो.

तर फोन गेल्यावर पहिला तास कसा घालवायचा? पहिली पाच मिनिटं फोनला द्या, जास्त नाही. सिम बंद केलं की फोनचं इंटरनेट जातं आणि नकाशावर तो दिसेनासा होऊ शकतो, म्हणून आधी ही पाच मिनिटं. सोबतच्याच्या फोनवरून गूगलचं फाइंड हब किंवा आयफोन असेल तर फाइंड माय उघडा. 'आवाज करा' दाबलं की अँड्रॉइड फोन सायलेंटवर असला तरी पाच मिनिटं पूर्ण आवाजात वाजतो. कदंब बसच्या सीटखाली पडला असेल तर तिथेच सापडेल. नाही सापडला तर 'हरवला' म्हणून लॉक करा. सगळी माहिती पुसण्याचं बटण इतक्यात दाबू नका. अँड्रॉइडमध्ये ते दाबलं की नकाशावरचा ठिपकाही जातो. इथे अडचण येते ती अशी: गूगल पासवर्डनंतर दुसऱ्या पायरीचा कोड मागतं आणि कोड जातो हरवलेल्याच फोनवर. म्हणून गूगल जे दहा राखीव कोड देतं, ते आज छापून घरात कपाटात ठेवा.

नकाशावर ठिपका कुठल्या घरावर दिसला तरी एकट्याने तिथे जाऊ नका. पोलिसांना ११२ लावा.

पाच मिनिटं झाली की सिम बंद. त्याच कंपनीचं सिम असलेला फोन मागून घ्या आणि १९८ हा कंपनीचा तक्रार क्रमांक लावा. मग बँक: यूपीआय, नेटबँकिंग, कार्ड, तिन्ही बंद करायला सांगा. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे ती लिहून ठेवलेली वेळ म्हणजे तुमचे पैसे आहेत. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

मग त्याच नंबराचं नवं सिम. इथे आपल्या गोव्यातली एक नेहमीची पंचाईत. नंबर वापरते आई, पण सिम मुलाच्या नावावर, आणि मुलगा बोटीवर नोकरीला! ज्याच्या नावावर सिम, त्यालाच ओळखपत्र घेऊन यावं लागतं. तो सहा महिन्यांनी येणार. वडील वारले, सिम अजून त्यांच्याच नावावर, हेही घरोघरी आहे. मुलगा चवथीला घरी आला की सिम आईच्या नावावर करून घ्या.

आणि नवं सिम चालू झालं तरी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. दूरसंचार नियमांत हे मुद्दाम ठेवलंय, कोणी तुमच्या नावाने खोटं सिम काढलं तर सावध व्हायला वेळ मिळावा म्हणून. लोकांना हे माहीत नसतं. ओटीपी येत नाही म्हणून बँकेला आणि सरकारी साइटला बोल लावतात.

पोलिसांबद्दल मला जरा तळमळीने सांगायचंय. खिशातून, पर्समधून फोन काढला गेला असेल तर ती चोरी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३. पण 'हरवला म्हणून लिहा, लवकर होईल' असा सल्ला मिळतो आणि आपण मान डोलावतो. हरवल्याच्या नोंदीने कागद मिळतो, पण गुन्हा नोंद होत नाही, आणि गुन्हा नाही तर तपास कसला? पडला असेल तर हरवला लिहा, काढला असेल तर चोरी लिहा. पणजी-म्हापसा बसमध्ये गेला, मग हद्द पर्वरीची की म्हापशाची, हा वाद तुम्ही घालू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. तेव्हा मूळ विषय भराभर.

प्रत्येक फोनला १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक असतो, दोन सिमच्या फोनला दोन. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा, दिसेल. खोक्यावर असतो, बहुधा बिलावरही. खोकं चवथीच्या साफसफाईत जातं, म्हणून नंबर वहीत लिहा.

केंद्र सरकारची सीईआयआर ही गेलेले फोन बंद करायची व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्र-गोव्यात आधी आली, मे २०२३ पासून देशभर. सरकारच्या 'संचार साथी' या साइटवर 'हरवलेला फोन ब्लॉक करा' निवडा. नंबर, दोन्ही आयएमईआय, मॉडेल, कुठे-कधी गेला, पोलीस तक्रारीची प्रत, ओळखपत्र, असेल तर बिल. ओटीपी येतो नव्या सिमवर, म्हणजे मघाचे ते २४ तास संपल्यावर. पोलीस तक्रार आणि नवं सिम या दोन गोष्टी हातात नसतील तर अर्ज अडतो.

अर्ज झाला की विनंती क्रमांक मिळतो, तो जपा. साधारण २४ तासांत फोन देशातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद पडतो. पण ब्लॉक केल्याने शोध थांबत नाही. कोणी त्यात सिम घातलं की त्याची माहिती पोलिसांपर्यंत जाते. कधी आठवड्यात, कधी वर्षाने.

या काळात 'तुमचा फोन सापडला, इथे पासवर्ड टाका' असा मेसेज येईल. तो चोराचा असतो. आयफोन असेल तर तो खात्यातून काढूनही टाकू नका. काढला की चोराला तो विकता येतो. आणि जुना फोन विकत घेणाऱ्यांनी केवायएम लिहून, जागा सोडून, आयएमईआय १४४२२ वर पाठवावा. काळ्या यादीतला असेल तर कळतं.

पोलिसांनी फोन परत दिला तर ब्लॉक आपोआप निघत नाही. माणूस सिम घालतो, नेटवर्क येत नाही, आणि तो दुरुस्तीवाल्याकडे जातो. दुरुस्तीवाल्याच्या हातात काही नाही. त्याच साइटवर तोच विनंती क्रमांक टाकून अनब्लॉकचा अर्ज आपणच करायचा असतो.

सभागृह रिकामं करायचंय. ज्यांना सिमला पिन लावून हवाय त्यांनी बाहेर पायऱ्यांवर थांबा, एकेक करून लावू. तोवर कोणी अंदाजाने आकडे दाबू नका.