पाणक्या

(कोल्हापुरातल्या एका उन्हाळी फुटबॉल शिबिराच्या पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागच्यांनी पुढं या, इथं खुर्च्या मोकळ्या आहेत. पुढं बसलं म्हणून कुणाला गोलकीपर करत नाही. (हशा)

संयोजकांनी मला चाळीस मिनिटं दिली आहेत. पत्रिकेवर विषय छापलाय, 'सहा ते बारा वयोगटाचा फुटबॉल आणि पालकांची जबाबदारी'. जबाबदारी हा शब्द त्यांचा. मला विचारलं असतं तर मी एकच शब्द दिला असता, पाणक्या. त्याच्याकडं येतोच. कागदावर सात मुद्दे लिहून आणलेत, ते सातही सांगणार आहे. आधी थोडी प्रस्तावना.

फुटबॉल म्हणजे काय हे कोल्हापुरात कुणी कुणाला सांगायचं? तालमी बांधल्या कुस्तीसाठी आणि पोरं त्याच तालमींच्या नावानं फुटबॉल खेळतात, हे बाहेरच्या माणसाला पटवताना मात्र माझी दमछाक होते. पुण्यात जावयाच्या मित्राला सांगितलं, आज पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम आहे, शाहू स्टेडियमला, जाम गर्दी असणार. तो म्हणाला, किती किलोचा गट? (हशा) वर्ल्ड कप आला की आपल्या गल्ल्यांत निम्मं घर ब्राझील, निम्मं अर्जेंटिना. सख्खे भाऊ महिनाभर बोलत नाहीत.

आता यात माझी एक तक्रार आहे, आणि ती स्वतःवरच आहे. आपण बघायला शिकलो स्टेडियमच्या पायऱ्यांवर. तिथं तिकीट काढलं की ओरडायचा हक्क मिळतो. पंचाला अक्कल शिकवायची, स्वतःच्याच सेंटर फॉरवर्डचा उद्धार करायचा, समोरच्या पेठेच्या सात पिढ्या काढायच्या. खेळणारे पंचवीस वर्षांचे गडी असतात, ते एका कानानं ऐकतात आणि दुसऱ्यानं सोडतात. पुढं आपल्याला पोरं होतात. मग तोच घसा घेऊन आपण आठ वर्षांच्या पोराच्या मॅचला जातो. घसा तोच असतो, ऐकणारा बदललेला असतो.

साल १९९८. फ्रान्सचा वर्ल्ड कप होऊन गेलेला, फायनलला फ्रान्सच्या झिदाननं दोन हेडर, म्हणजे डोक्यानं दोन गोल मारून ब्राझीलला झोपवलेलं. तरी आमचा मुलगा पिवळा टी-शर्ट अंगातून काढायला तयार नाही. तिसरीत होता. दिवाळीनंतर गांधी मैदानावर रविवारी सकाळी लहान पोरांच्या मॅचेस व्हायच्या. मी स्वतः तालमीकडून पाच सिझन लेफ्ट विंगला खेळलेला. तेव्हा मैदानाच्या कडेला मी कसा उभा असणार, याची कल्पना करा. पांढऱ्या फक्कीच्या अलीकडं माझा एकच पाय असायचा.

आमच्या बँकेच्या शाखेत एक सहकारी लग्नाच्या शूटिंगचा जोडधंदा करायचा. नवीन कॅमेरा घेतला होता, म्हणाला, चला साहेब, पोराची मॅच काढून देतो, तेवढीच माझी प्रॅक्टिस. काढली. रात्री जेवणं झाल्यावर टीव्हीला जोडून आम्ही बघायला बसलो, शेजारची दोन घरंही आली.

मंडळी, त्या टेपमध्ये मॅच नव्हतीच. मी होतो. कॅमेरा माझ्या शेजारी, त्यामुळं मैदानावरचा एक आवाज येत नव्हता, फक्त माझा. 'मार! मार की! बघतोस काय! मागं, मागं! सोड त्याला! धर त्याला!' सोड आणि धर यात दोन सेकंदांचं अंतर. (हशा) शेजारचे हसत होते, मीही हसत होतो. बायकोनं टेप थांबवली, मागं घेतली आणि म्हणाली, 'त्याची मान बघा.'

बॉल त्याच्याकडं यायला लागला की पोरगं आधी माझ्याकडं बघायचं. मग बॉलकडं. बँकेची सवय, मी कागद-पेन्सिल घेतली. त्या हाफात बॉल त्याच्याकडं चौदा वेळा आला. अकरा वेळा त्यानं आधी माझ्याकडं मान वळवली. त्या अकरांतले किती बॉल गेले? अकरा. हिशेब जुळला.

आठ वर्षांच्या मुलाला तेव्हा बॉल बघायचा असतो, समोरचा अंगावर येतोय का ते बघायचं असतं आणि स्वतःचा कुठला पाय पुढं आहे तेही आठवायचं असतं. त्यात मी बाप होऊन चौथा उभा. तो काय ठरवणार? आणि तो ठरवायलाच तर मैदानात गेला होता ना! घरात तो सकाळी दात घासण्यापासून रात्री झोपेपर्यंत आपण सांगू तेच करतो. शाळेत बाई सांगतात ते. आठवड्यात ही चाळीसच मिनिटं अशी, की पोरगं स्वतःच्या डोक्यानं डावीकडं वळेल की उजवीकडं हे कुणालाच माहीत नसतं. तीसुद्धा मी रिमोटनं चालवत होतो.

पुढच्या रविवारी त्यांच्या सरांना हे सांगितलं. मला वाटलं, म्हणतील, चालायचंच, बापाचं काळीज. सर म्हणाले, 'तुमच्या अंगात ताकद दिसते. आजपासून पाण्याचा कॅन तुमच्याकडं.'

मला राग आला. खोटं कशाला बोलू? पाच सिझनचा विंगर, बँकेत हेड कॅशियर, आणि पोरांना पाणी पाजू? पण घेतला. वीस लिटरचा कॅन, दहा स्टीलचे पेले. आणि तिथं मला शोध लागला, की पाणी देणाऱ्याला मॅच दिसत नाही. पेले विसळायचे असतात. कुणाची नाडी सुटलेली, कुणाच्या नाकातून रक्त, कुणाला एक नंबरला जायचंय आणि शॉर्टची गाठ सुटत नाही. मॅच चालू असते, पण तुम्हाला फक्त आवाज येतात. शिवाय पाणी देणाऱ्याकडं कुणी बघत नाही, त्यामुळं पोरं त्याच्यासमोर खरं बोलतात. एक पोरगं दुसऱ्याला म्हणालं, आज आमचे पप्पा गावाला गेलेत, लई मज्जा.

तिसऱ्या रविवारची गोष्ट. मी कॅनच्या मागं वाकून पेले विसळतोय. आमचं चिरंजीव मित्राबरोबर आलं. त्याला मी दिसलो नाही. मित्राला म्हणतो, 'आज पप्पा पाण्यावर हायत. आज मी डाव्या पायानं मारणार.'

(काही क्षण शांतता)

मी लेफ्ट विंगर होतो. घरी त्याला मीच सांगायचो, डावा पाय तयार कर. आणि तो डावा पाय माझ्यासमोर काढत नव्हता, कारण डाव्या पायाचा शॉट आधी दहा वेळा चुकतो आणि दहा वेळा मी ओरडणार.

त्या दिवशी त्यानं डाव्या पायानं मारले असतील. मी बघितलं नाही. पेले विसळत होतो.

आता तो शब्द, पाणक्या. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी होता, ही कथा तुम्ही कीर्तनात ऐकलेली आहे. गोदावरीचं पाणी कावडीनं आणायचा आणि रांजण भरायचा, बारा वर्षं. तो द्वारकेचा कृष्ण होता हे कळलं तेव्हा गडी नाहीसा झालेला. माझं म्हणणं एवढंच, की त्या बारा वर्षांत श्रीखंड्यानं नाथांना 'भारुड असं नाही, असं रचा' असं एकदाही सांगितल्याचं कुठल्या कीर्तनकारानं सांगितलेलं नाही. (हशा, टाळ्या) देवानं बारा वर्षं पाणी भरलं. आपल्याला सहा ते बारा, सहाच वर्षं भरायचंय.

मुलगा पुढं काय झाला, हा प्रश्न तुमच्या तोंडावर दिसतोय. फुटबॉलमध्ये काही झाला नाही. पुण्यात कंपनीत आहे. शुक्रवारी रात्री ऑफिसातल्या पोरांबरोबर माणशी पैसे काढून टर्फवर खेळतो. त्याचा मित्र मला म्हणाला, काका, हा लेफ्टी आहे ना? तो लेफ्टी नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण २०१७ साली सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला आणि आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला. कोल्हापूरचा पोरगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला. अभिमान आहेच. त्याच साली सप्टेंबरात सरकारनं एका दिवसात राज्यभरातल्या दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा घाट घातला होता, आठवत असेल. ते चांगलंच झालं. पण तेव्हापासून मैदानावर येणारा प्रत्येक बाप पहिल्या आठवड्यात विचारतो, सिलेक्शन कधी? अहो, अजून त्याला उजवा बूट कुठला ते कळत नाही.

आणि या घाईतून दुसरं एक पाप निघतं. माझी नात आता नऊ वर्षांची आहे, ती खेळते. एका स्पर्धेला गेलो होतो, गाव सांगत नाही. बारा वर्षांखालचा गट, मुलं-मुली एकत्र. समोरच्या संघाचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, स्वतः मोटरसायकल चालवत मैदानावर आला. हेल्मेट नव्हतं, लहानपणाचा पुरावा काय तो तेवढाच. (हशा) नात मला विचारते, आजोबा, हे त्यांचे सर का? मी जाऊन तक्रार केली. दाखला निघाला, सही आहे, शिक्का आहे, वय अकरा. मी म्हटलं, दाखला अकराचा असेल, मिशी कितीची आहे? तर मलाच बाहेर काढलं.

म्हणून तर आपल्याकडं मनगटाचा एक्स-रे काढून वय ताडतात. फिफासुद्धा सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला २००९ पासून मनगटाचं एमआरआय करते. पण मला सांगा, तो दाखला आणला कुणी? पोरगं तर कचेरीत गेलं नव्हतं. त्या बिचाऱ्याला वर्गात एक वाढदिवस, मैदानावर दुसरा. चॉकलेटं कधी वाटायची? आणि दोन वर्षं लहान पोरांना नुसत्या अंगानं ढकलून जो जिंकतो तो बॉल थांबवायला, वळायला शिकतच नाही. बाकीची पोरं अंगानं त्याच्याएवढी झाली की हा संपला. मी अशी तीन पोरं बघितलीत. तिघांचेही बाप अजून मला निवड समितीच्या अन्यायाची गोष्ट सांगतात.

चिठ्ठी आली. वीस मिनिटं... नाही, दोन आहेत. शून्य मला वाटलं, तो चहाचा डाग आहे. (हशा) बरं, सात मुद्दे, पळत पळत.

मैदान. मोठ्यांचा गोल २.४४ मीटर उंच आणि ७.३२ मीटर रुंद असतो. चार फुटांच्या पोराला त्यात उभं करून वरनं गेलेल्या बॉलबद्दल बोलू नका. इंग्लंडमध्ये सात-आठ वर्षांची पोरं एका बाजूला पाच अशी पाच-पाच खेळतात, नंतर सात-सात, मग नऊ-नऊ, अकरा-अकरा थेट तेराव्या वर्षाच्या आसपास. कमी पोरं म्हणजे प्रत्येकाला बॉल जास्त वेळा लागतो. इथले सर छोटी मैदानं आखतात तेव्हा 'खरी मॅच कधी' म्हणून त्यांचं डोकं खाऊ नका. बॉलही तसाच, लहानांना तीन नंबर, आठच्या पुढं चार. पाच नंबर मोठ्यांचा, चारशे ग्रॅमच्या वर भरतो.

हेडर. अमेरिकेनं २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना बंद केलं. इंग्लंडनं २०२० मध्ये प्राथमिकच्या पोरांच्या सरावातून काढलं. झिदानचं कौतुक टीव्हीवर करा.

टेबल. नॉर्वेत मुलांच्या खेळाचे लेखी नियम १९८७ पासून आहेत, २००७ ला सुधारले. अकराव्या वर्षापर्यंत निकालाची यादी नाही, गुणतक्ता नाही. गोलांचा धडाका लावणारा फुटबॉलपटू हालांड त्याच देशात, ब्रूने नावाच्या गावात वाढला. तेव्हा तक्ता नसल्यानं पोरं मऊ पडतात, हे मला सांगू नका. पोरांना स्कोअर माहीत असतोच, आणि चहा प्यायच्या आत ती विसरतात. आपण विसरत नाही.

जन्मतारीख. गट एक जानेवारीला बदलतो. डिसेंबरचं पोरगं जानेवारीच्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षानं लहान असतं, आणि आठव्या वर्षी एक वर्ष म्हणजे फार. तुमचं डिसेंबरचं असेल तर दम धरा. जानेवारीचं असेल तर फुशारकी जरा कमी.

बूट. 'वाढत्या अंगाचे' घेऊ नका. शाळेचा शर्ट चालतो, बूट नाही. अंगठ्यापुढं बोटभर जागा, बस. नडगीवर बांधायचे शिनपॅड मात्र हवेतच.

गाडीवरचं भाषण. मॅच झाल्यावर पोरगं मागं बसतं, बाप पुढं बघून बोलतो, 'तो पास का नाही दिलास?' पोराला उतरता येत नाही. गाडी सुरू केली की फक्त 'भूक लागली का?' एवढंच विचारायचं. बाकीचं त्यानं काढलं तर बोला. रंकाळ्याला गाडी थांबवून भेळ खायला घातलीत तर आपोआप काढतं, हा माझा अनुभव.

सातवा... सातवा कागदाच्या घडीत गेलाय. हां. दुसरे खेळ. खो-खो, पोहणं, झाडावर चढणं, सगळं चालू द्या. बारापर्यंत एकाच खेळाला जुंपू नका. यावर दहा मिनिटं बोलायचं होतं, राहिलं.

एवढ्यात सरांनी मला हे दिलंय. पाण्याची पाळी. उद्यापासून शिबिराचे अठरा दिवस, रोज दोन पालक. कॅन ऑफिसमागच्या नळावर भरायचा, सहा वाजता पाणी येतं, सव्वासहाला कमी होतं. एप्रिल आहे, दर वीस मिनिटांनी पोरांना थांबवून पाणी द्यायचं, तहान लागायची वाट बघायची नाही. पेले मी देतो, तेच जुने आहेत, दहातले सात उरलेत. उद्याची पाळी कोण घेणार? ते निळे शर्टवाले मघापासून मान खाली घालून बसलेत, त्यांचं नाव लिहा. आणि तुमच्या शेजारच्या वहिनी, त्या तर मगाशी सगळ्यात जोरात हसल्या.